एका टाकीत कोल्हापूर-मुंबई-कोल्हापूर होतं का? ई20 पेट्रोल आणि ॲव्हरेजचं खरं गणित

"गाडी ॲव्हरेज किती देते?" आपल्याकडे नवीन गाडी दारात आली की हा पहिला प्रश्न. आता त्याला दुसरा प्रश्न जोडला गेलाय: "ई20 आल्यापासून ॲव्हरेज पडलंय का?" काहीजण म्हणतात, गाडी पूर्वीच्या निम्मंच पळते. सरकार म्हणतं, फरक किरकोळ आहे. दोघांच्या मध्ये आपण पंपावर उभे.

कोल्हापूरकरांसाठी हा विषय जरा जास्तच घरातला आहे. पेट्रोलमध्ये जे इथेनॉल मिसळलं जातं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून बनतं. बऱ्याच घरांत ऊस कारखान्याला जातो आणि त्याच घरातली गाडी पंपावर टाकी फुल्ल करते. त्यामुळे इथे "शेतकऱ्याचा फायदा की गाडीवाल्याचा तोटा" असं सरळ दोन गटांत भांडण लावता येत नाही. म्हणून आकडे घेऊनच बसूया. एका टाकीत छोटी गाडी किती जाते, ई20 मुळे त्यातलं किती कमी होतं आणि त्या फरकाचे पैसे कोण भरतं, हे बघूया.

टाकी 37 लिटरची, कागदावर अंतर 917 किलोमीटर

आपल्या रस्त्यांवरच्या बऱ्याच छोट्या गाड्यांची टाकी 37 लिटरची आहे. मारुतीची स्विफ्ट आणि बलेनो, ह्युंदाईची आय20 आणि ग्रँड आय10 निऑस, टाटाची पंच या सगळ्या त्यातच येतात. वॅगनआरची टाकी 32 लिटर, टियागोची 35 आणि ऑल्टो के10 ची 27.

उदाहरणासाठी स्विफ्ट घेऊ. 2024 मध्ये आलेल्या मॅन्युअल गिअरच्या स्विफ्टचं कंपनीने सांगितलेलं मायलेज लिटरला 24.8 किलोमीटर आहे. 24.8 गुणिले 37, म्हणजे साधारण 917 किलोमीटर. कोल्हापूर ते मुंबई जाऊन-येऊन साडेसातशेच्या आसपास होतात. म्हणजे कागदावर तुम्ही एका टाकीत मुंबईला जाऊन परत येता, वर पुण्यात दोन दिवस फिरायलाही पेट्रोल उरतं.

असं प्रत्यक्षात का होत नाही? कारण हा आकडा रस्त्यावर मोजलेला नसतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ती चालवली जाते: इतके सेकंद थांबायचं, इतक्या वेगाने जायचं, पुन्हा थांबायचं. भारतातल्या या चाचणीत वेग 90 च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या नसतात, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे कंपनी खोटं बोलते असं नाही. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे. आपण किती लांब जाऊ, याचा अंदाज त्यावरून बांधायला गेलं की फसतं.

रस्त्यावर अंतर कुठे कुठे गळतं?

सगळ्यात मोठा चोर वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 वरून 110 वर गेलात तर वेग वाढतो 37 टक्के, पण हवेचा विरोध जवळपास दुप्पट होतो. पुणे-बंगळूर महामार्गावर गाडी 110 ला लावून "ॲव्हरेज देत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. त्याच महामार्गावर सातारा ते कागल टप्प्याच्या सहापदरीकरणाचं काम गेली काही वर्षं चाललंय. तिथल्या वळण रस्त्यांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना जे पेट्रोल जळतं, त्याच्या बदल्यात अंतर जवळजवळ काहीच मिळत नाही.

दुसरा हिशेब घाटाचा. कोकणात उतरताना गाडी जणू फुकट पळते, परत येताना तेच वसूल होतं. माणसं धरून साडेबाराशे किलोची गाडी साडेपाचशे मीटर वर चढवायला सुमारे 6.7 मेगाज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोल इंजिन जळालेल्या इंधनाच्या साधारण पाव भागाचंच काम करतं, बाकीची उष्णता बनून जाते. म्हणजे आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट चढताना नुसत्या उंचीपोटी पाऊण ते एक लिटर पेट्रोल जातं. गणपतीपुळ्याहून परतताना ॲव्हरेज पडलं तर दोष पंपाला देण्याआधी हे आठवा.

हे सगळं धरून हायवे, थोडं शहर आणि एसी चालू अशा वापरात आपण लिटरला 19 किलोमीटर धरू. तुमचा आकडा 17 असेल किंवा 21, पद्धत तीच. 19 गुणिले 37, म्हणजे 703 किलोमीटर. मुंबई वारी हुकली. टाकीत पाच लिटर राखून ठेवायचे म्हटलं तर 608 च उरतात.

लक्षात घ्या, 917 वरून 703 वर आपण आलो, त्यात इथेनॉलचा अजून हिशेबच केलेला नाही.

ई20 मुळे नेमकं किती कमी होतं?

ई20 म्हणजे 80 टक्के पेट्रोल आणि 20 टक्के इथेनॉल. 2014 मध्ये देशात हे मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होतं. 2022 च्या जूनमध्ये ते 10 टक्क्यांवर गेलं. 20 टक्क्यांचं मूळ उद्दिष्ट 2030 चं होतं, ते अलीकडे ओढलं आणि 2025 मध्ये गाठलंसुद्धा. आज बहुतेक पंपांवर साधं पेट्रोल म्हणून जे मिळतं, ते ई20 च आहे.

आता विज्ञान सोपं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण 21. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासून असतो, म्हणजे तो थोडा "अर्धा जळालेलाच" असतो. म्हणून लिटरमागे ऊर्जा कमी. मिश्रणाचा हिशेब असा:

- शुद्ध पेट्रोल: लिटरला 32 मेगाज्यूल
- ई10: सुमारे 30.9
- ई20: सुमारे 29.8

शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर ई20 मध्ये ऊर्जा जवळपास 7 टक्के कमी. पण आपण ई20 च्या आधी शुद्ध पेट्रोल वापरतच नव्हतो, ई10 वापरत होतो. ई10 वरून ई20 वर आल्यावरचा फरक साडेतीन टक्के.

आपल्या 703 किलोमीटरमधून साडेतीन टक्के गेले की उरतात 678. म्हणजे एका टाकीमागे 25 किलोमीटर कमी, कोल्हापुरातून पन्हाळ्याला जाण्याइतकं अंतर. जुनी गाडी असेल आणि सरकारनेच सांगितलेली वरची मर्यादा, म्हणजे 6 टक्के, धरली तर 42 किलोमीटर. म्हणजे पन्हाळ्याला जाऊन परत येण्याइतकं.

हा फरक खरा आहे, पण "निम्मं ॲव्हरेज" हा नाही. टाकीतलं 20 टक्के इंधन अजिबात जळलंच नाही असं धरलं, तरी ॲव्हरेज 20 टक्क्यांहून जास्त पडू शकत नाही. ज्याचं ॲव्हरेज तीस-चाळीस टक्क्यांनी पडलंय, त्याने टायरमधली हवा, एअर फिल्टर, चिकटलेले ब्रेक आणि रोजचा ट्रॅफिक आधी तपासावा.

मग सरकार 1-2 टक्के का म्हणतं?

कारण गाडी कोणती, त्यावर उत्तर बदलतं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये जे सांगितलं त्यात दोन आकडे होते. ई10 साठी बनवलेल्या आणि ई20 साठी ट्यून केलेल्या चारचाकीत 1 ते 2 टक्के घट, बाकीच्यांत 3 ते 6 टक्के. बातम्यांत आणि भाषणांत पहिला आकडाच जास्त फिरला.

ट्यून केलेल्या गाडीत घट कमी का? इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो. ऑक्टेन जास्त म्हणजे इंधन दाबाखाली अवेळी पेट घेत नाही, इंजिन ठोकत नाही. ई20 चा ऑक्टेन 95 ठरवलेला आहे, साध्या बीएस-6 पेट्रोलचा 91 होता. या जास्तीच्या ऑक्टेनचा फायदा घेऊन इंजिन जास्त दाबावर किंवा ठिणगी थोडी आधी टाकून चालवता येतं, आणि गेलेल्या ऊर्जेचा काही भाग परत मिळवता येतो. इंजिन तसं बनवलेलं नसेल, तर ऑक्टेन वाढूनही उपयोग फारसा नाही.

नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात एप्रिल 2023 पासून ई20 ला टिकणारे भाग असलेल्या गाड्या आणि एप्रिल 2025 पासून ई20 साठी ट्यून केलेली इंजिनं, असे टप्पे होते. म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य गाड्या त्या शेवटच्या टप्प्याच्या आधीच्या आहेत. त्यांच्यासाठी 3 ते 6 हाच आकडा धरायला हवा. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10 साठी ट्यून केलेल्या चारचाकींसाठी तर त्याच अहवालात 6 ते 7 टक्क्यांचा अंदाज होता, दुचाकींसाठी 3 ते 4. काही जुन्या गाड्यांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हेही मंत्रालयानेच सांगितलंय.

एका टाकीत एक क्विंटल ऊस

आता दुसऱ्या बाजूने बघू. 37 लिटरच्या फुल्ल टाकीत इथेनॉल किती? 7.4 लिटर. उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केलं तर एका टनाला साधारण 70 लिटर मिळतं. म्हणजे 7.4 लिटरला सुमारे 105 किलो ऊस. थोडक्यात, तुमच्या छोट्या गाडीची टाकी एकदा फुल्ल झाली की त्यात एक क्विंटल उसाचं इथेनॉल असू शकतं.

त्या क्विंटलला शेतकऱ्याला काय मिळतं? 2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये. आपल्या जिल्ह्यात उतारा जास्त असल्याने हिशेब वर जातो, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. तेल कंपन्या कारखान्याला रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला 65.61 रुपये देतात, म्हणजे त्या 7.4 लिटरचे 485 रुपये.

इथे एक गोष्ट कमी बोलली जाते. हा 65.61 चा दर 2022-23 पासून तोच आहे. तेव्हा एफआरपी 305 होती, आता 355. ऊस 16 टक्क्यांनी महागला, रसाच्या इथेनॉलचा दर जागेवर. त्यातच डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने रसापासून इथेनॉल करायला एकदम बंदी घातली, मग थोडी सवलत दिली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुढच्या वर्षासाठी निर्बंध उठवले. कर्ज काढून डिस्टिलरी उभी केलेल्या कारखान्यांना त्याचा फटका बसला.

आणि दुसरी गोष्ट. 2025-26 साठी तेल कंपन्यांनी जे सुमारे 1,048 कोटी लिटर इथेनॉल घ्यायचं ठरवलं, त्यात उसापासूनचा वाटा 28 टक्क्यांच्या आसपास आहे. सगळ्यात मोठा वाटा मक्याचा, साधारण 46 टक्के. उरलेलं मुख्यतः तांदूळ आणि खराब धान्यापासून. म्हणजे "ॲव्हरेज गेलं तरी पैसा आपल्या ऊसवाल्याच्या घरात गेला" हे समाधान पूर्ण खरं नाही. तुमच्या टाकीतलं इथेनॉल शिरोळच्या उसाचं असेल किंवा बिहारच्या मक्याचंही.

याचा अर्थ योजना फसली असा नाही. देशाला लागणारं बहुतेक कच्चं तेल बाहेरून येतं. मिश्रणामुळे 2014-15 पासून 1.44 लाख कोटी रुपयांचं परकीय चलन वाचल्याचं सरकार सांगतं. साखरेचे ढीग पडून राहायचे आणि उसाची बिलं महिनोन्‌महिने थकायची, ते दिवस आपल्या भागाने पाहिलेत. कारखान्याला साखरेशिवाय दुसरं गिऱ्हाईक मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

कमी ऊर्जेचे पैसे कोण देतं?

खरा मुद्दा इथे आहे. पेट्रोल आपण लिटरने विकत घेतो, पण गाडी चालते ऊर्जेवर. लिटरमागे ऊर्जा कमी झाली आणि लिटरचा दर तोच राहिला, तर किलोमीटरमागे खर्च वाढला. पंपाच्या पावतीवर हे कुठेच दिसत नाही.

किती वाढला? वर्षाला 12 हजार किलोमीटर चालणारी गाडी, आधीचं ॲव्हरेज 19, हिशेबासाठी दर 105 रुपये:

- साडेतीन टक्के घट: वर्षाला सुमारे 23 लिटर जास्त, म्हणजे 2,400 रुपये
- 6 टक्के घट: सुमारे 40 लिटर जास्त, म्हणजे 4,200 रुपये

कुणी यात बुडणार नाही, पण एका सर्व्हिसिंगचे पैसे गेले. रोज इचलकरंजी-कोल्हापूर करणाऱ्या किंवा भाड्याने गाडी चालवणाऱ्याचं रनिंग याच्या तिप्पट-चौपट असतं, त्याचा आकडाही तसाच वाढतो.

नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाला हे माहीत होतं. ऊर्जा कमी असल्याने अशा इंधनाचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावा, अशी शिफारस त्यात होती. तसं झालं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मंत्रालयाने त्याचं कारण दिलं: अहवाल आला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं, आता ते वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी 71.32 रुपये लिटर पडतं, त्यामुळे स्वस्त विकायला जागा नाही.

कंपन्यांच्या बाजूने हे उत्तर समजण्यासारखं आहे. पण मग एवढंच कबूल करायला हवं की परकीय चलन वाचवण्याचा आणि शेतमालाला बाजार देण्याचा थोडा खर्च गाडीवाला उचलतोय. त्याला तो आकडा सांगून उचलायला लावणं वेगळं आणि न सांगता वेगळं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर प्रमाण लिहिण्याची सक्ती मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली, त्यामुळे तो रस्ता तूर्त बंद आहे. सीमेपलीकडे निपाणीला जाऊन टाकी भरणाऱ्यांनाही दर वेगळा मिळेल, मिश्रण तेच.

ब्राझीलमध्ये काय करतात?

ब्राझीलचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धंच. तिथे पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण ऑगस्ट 2025 पासून 30 टक्के आहे. पण तिथल्या बहुतेक गाड्या कोणतंही मिश्रण चालवू शकणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल आहेत आणि पंपावर इथेनॉल वेगळ्या दराने मिळतं. तिथल्या माणसाला एक साधा नियम पाठ असतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या 70 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल भर, नाहीतर पेट्रोल. शिवाय नव्या गाडीवरच्या सरकारी लेबलवर पेट्रोलचं आणि इथेनॉलचं मायलेज वेगवेगळं छापलेलं असतं. अमेरिकेत 10 टक्के मिश्रणाने मायलेज साधारण 3 टक्के घटतं, हे तिथल्या सरकारी संकेतस्थळावरच लिहिलेलं आहे.

आपल्याकडे आता 20 च्या पुढे जायचं का, ही चर्चा सुरू आहे. त्याआधी दोन गोष्टी करायला फार खर्च नाही. पंपाच्या नोझलवर इथेनॉलचं प्रमाण ठळक लिहावं. आणि कंपन्यांनी मॉडेल आणि वर्षानुसार, जुन्या गाड्यांसकट, ई20 वरचं मायलेज जाहीर करावं. माहिती हातात असली की अफवाही कमी होतात.

तुमच्या गाडीचं ॲव्हरेज स्वतः मोजा

तोवर आपला आकडा आपणच काढायचा. स्क्रीनवर दिसणारा "इतके किलोमीटर जाईल" हा गाडीने मागच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो. तो घाटात एक आणि हायवेला दुसरा दिसतो. त्यापेक्षा फुल्ल टू फुल्ल पद्धत:

1. नोझल स्वतःहून बंद होईपर्यंतच पेट्रोल भरा. वरून गळ्यापर्यंत भरायला लावू नका. ट्रिप मीटर शून्य करा.
2. नेहमीसारखी गाडी चालवा, किमान 300-400 किलोमीटर.
3. त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा.
4. किलोमीटर भागिले लिटर. समजा 412 किलोमीटर आणि 22.6 लिटर, तर ॲव्हरेज 18.2.
5. असं लागोपाठ तीनदा करा आणि सरासरी काढा. एका वेळच्या आकड्यात चार-पाच टक्के इकडेतिकडे सहज होतं, आणि ई20 चा फरक तेवढाच आहे.

आलेल्या सरासरीला टाकीच्या लिटरने गुणा आणि त्यातून चार-पाच लिटरचं अंतर कमी करा. ती तुमच्या गाडीची खरी रेंज. टाकी पार रिकामी करून बघू नका. पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो आणि इंधनानेच थंड राहतो, तो कोरडा चालला तर काही हजारांचा खर्च बसतो.

पेट्रोलच्या झाकणाच्या आत ई20 चा स्टिकर आहे का, तेही बघून घ्या. असेल तर रबरी भागांची काळजी कमी. नसेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या पाइपा आणि गॅस्केट तपासायला सांगा. आणि महामार्गावर 110 ऐवजी 85-90 ने चाललात, तर ई20 ने घेतलेले 25 किलोमीटर त्याच टाकीत परत मिळतील, बहुतेक वेळा त्याहून थोडे जास्तच.